आतोबांचा बोलपट

एका माणसानं एकच प्रश्न विचारून एक घर, एक गल्ली आणि दोन गावं जेरीला आणलेली ज्यांनी पाहिली नसतील, त्यांनी आमच्या आतोबांना पाहायला हवं होतं. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. निजामाचा अंमल होता, कचेरीतला सगळा कारभार उर्दूत चाले, आणि आतोबा नांदेडच्या अदालतीसमोर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस म्हणून बसत. म्हणजे लोकांच्या फिर्यादी त्यांनी ऐकायच्या आणि उर्दूत लिहून द्यायच्या. अक्षर इतकं सुरेख की मुन्सफसाहेब निकाल देण्याआधी घटकाभर नुसतं अर्जाकडे बघत राहायचे, असं आतोबा स्वतःच सांगत. पण अर्ज लिहिण्यापूर्वी ते समोरच्याला विचारत, "तुम्हाला काय वाटलं?" तिथंच सगळं अडायचं. एखादा शेतकरी तणतणत यायचा, भावानं बांध कोरला म्हणून. आतोबा बोरू बाजूला ठेवत आणि विचारत, "बांध कोरला, ते ठीक. तुम्हाला काय वाटलं?" तो म्हणे, "वाटायचं काय मालक? बांध गेला." "ते मी लिहितो. तुमच्या जिवाला काय वाटलं, ते सांगा." हे असं तासभर चाललं की तो माणूस धाकट्या भावाला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं इथपासून सांगायला लागे, डोळे पुसत उठे आणि अर्ज न लिहिताच गावाकडे चालू पडे. आत्या कपाळाला हात लावायची. भावाभावांची भांडणं मिटवणारा अर्जनवीस तिला नको होता, तिला चूल पेटवायची होती.

बरं, हे अदालतीपुरतं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण आतोबांना लोणच्याबद्दलही काय वाटलं ते हवं असे, कीर्तनाबद्दलही, आणि नव्या वहाणांबद्दलही. एकदा शेजाऱ्यांकडे तेराव्याचं जेवण होतं. माणूस जाऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते, मुलं मान खाली घालून पानावर बसलेली, आणि आतोबा थोरल्याला विचारतात, "कढी कशी वाटली?" तो बिचारा पुटपुटला, "बरी आहे." झालं. "बरी म्हणजे काय? जबाबात 'बरी' चालत नाही. आंबट वाटली, पातळ वाटली, की वडलांना आवडायची तशी वाटली?" यावर त्या मुलाला जो हुंदका फुटला तो आवरताना सगळी पंगत उठली. आतोबांना मात्र आपण काही वावगं केलं असं मुळीच वाटलं नाही. "तेरा दिवस रडला नव्हता तो," एवढंच ते घरी येऊन म्हणाले आणि शांतपणे पान लावत बसले.

त्या साली मी नांदेडला आत्याकडे राहायला होते, आणि कशासाठी ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आम्ही लातूरचे. दादा, म्हणजे माझे वडील, तिथल्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत्याकडे मुनीम. लातूरकडची स्थळं बघून संपली होती. माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. आई देवाकडे बघून उसासे टाकायची आणि दादा माझ्याकडे बघून. शेवटी दादांनी मला नांदेडला पाठवलं आणि आतोबांना निरोप दिला की तुमच्या ओळखीपाळखी मोठ्या, आता हिचं तुम्हीच बघा. या निरोपाइतकी महागात पडलेली दुसरी गोष्ट आमच्या घराण्यात झालेली नाही. कारण मी नांदेडला पोचले आणि पाठोपाठ गोदावरीकाठच्या मैदानात तंबूतला सिनेमा येऊन उतरला.

तंबूत तोवर देवादिकांचे बोलपट यायचे, नाहीतर तलवारी आणि घोडे. हा बोलपट मात्र कुठून आला होता कोण जाणे. एक मास्तर एका खेड्यात येतो, एका घरची बाहेरची खोली भाड्यानं घेतो. त्या घरात एक मुलगी. ती रोज त्याच्या दारात पाण्याचा तांब्या ठेवते. तो रोज रिकामा तांब्या उंबऱ्यावर आणून ठेवतो. दोघं बोलतात ते गाईबद्दल आणि हवेबद्दल. मग त्याची बदली होते. तो निघतो, ती त्याच्या हातात भाकरीची शिदोरी देते, गाडी वळणाआड जाते आणि बोलपट संपतो. संपतो म्हणजे अक्षरशः संपतो. मारामारी नाही, लग्न नाही, कोणी जीवही देत नाही. आतोबा पहिल्या दिवशी तो बघून आले आणि न जेवता अंगणात बसून राहिले. आत्यानं विचारलं, पोटात दुखतंय का? तर म्हणाले, "पोटात नाही."

तुम्हाला वाटेल, त्यांचं तरुणपणी कुठं तरी असंच काही राहून गेलं असेल. आम्हा सगळ्यांनाच तसा संशय आला होता. मी आत्याला हळूच विचारलंही. ती इतकी हसली की तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "यांचं? अगं, नवव्या वर्षी लगीन झालंय त्यांचं. माझ्याबिगर कोनाला बघायला सवड कवा भेटली त्यांना?"

दुसऱ्या दिवसापासून आतोबांनी गाव पिंजून काढलं. भेटेल त्याला बोलपट बघायला धाडायचं आणि मग गाठून विचारायचं, काय वाटलं? तालमीतल्या वस्तादानं छाती पुढं काढून सांगितलं, "तंबूवाल्यानं गंडवलं. मारामारीचं रीळ लपवून ठेवलं त्यानं, मी जाऊन त्याला इचारनार हाय." शाळेतले म्हातारे हेडमास्तर म्हणाले की मास्तर लोकांची बदली सत्रामध्ये करू नये, हा यातला मुख्य मुद्दा. कोपऱ्यावरचा पानवाला ढसढसा रडला. आतोबांना वाटलं, सापडला आपला माणूस! त्यांनी त्याचा हात धरला, तर तो म्हणाला, "मालक, शेवटच्या गाडीचा डावीकडचा बैल लंगडून राहिला होता. कोनाचंच ध्यान न्हाई!" आतोबा नाराज झाले, पण पुढं महिनाभर पान मात्र त्याच्याचकडून घेत राहिले, कारण त्यानं निदान काही तरी पाहिलं होतं. आणि आत्याला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तोंड न उघडनारी दोन मान्सं बघायला तंबूत कामून जायचं? घरात काय कमी हाय?" एवढ्यावर भागलं असतं. पण ती पुढं म्हणाली, "आन् ती पोरगी तरी कसली त्याच्यावर जीव लावून बसलीया! शिदोरी डाव्या हातानं दिली की तिनं. मनातनं उतरला व्हता तो तिच्या."

आतोबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "डाव्या? उजव्या हातानं दिली. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मी काय कानानं पाहिलं?"

आपल्याकडे डाव्या हातानं भिकाऱ्यालाही कोणी काही देत नाही, मग जिव्हाळ्याच्या माणसाला निरोपाची शिदोरी द्यायची तर विचारायलाच नको. उजवा हात असेल तर ते प्रेम, डावा असेल तर तो अपमान. सगळा बोलपटच त्या एका हातावर लटकत होता. आतोबांनी गल्लीत चौकशी केली, तर जेवढे पुरुष तेवढे उजवा म्हणाले आणि जेवढ्या बायका तेवढ्या डावा. मलाही डावाच दिसला होता. घराघरांत या हातावरून वाद पेटले, नवराबायको एकमेकांशी बोलेनासे झाले. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा डाव्या हातावर एक झाल्या. आणि शेवटी आत्यानं माहूरच्या रेणुकेची आण घेतली. तिथं आतोबांनी वाद थांबवला. आत्या त्यांच्याशी कितीही भांडली तरी रेणुकेची खोटी आण तिनं जन्मात घेतली नव्हती.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण यात माझा जीव जात होता. कारण आतोबांनी ठरवून टाकलं की मुलाची शेतीवाडी, शिक्षण, पत्रिका हे सगळं नंतर. आधी त्यानं बोलपट बघायचा आणि काय वाटलं ते सांगायचं. देगलूरहून एका वकिलांचा मुलगा आला. दिसायला नीटस, घर भरलेलं. त्यानं बोलपट बघितला आणि म्हणाला, "बोधप्रद आहे. परक्या माणसाला घरात जागा देऊ नये, हा बोध." आतोबांनी त्याला चहा पाजला आणि रवाना केला. "जन्मभर पोरीला बोध पाजील हा," असं म्हणून विषय संपवला. मग तहसिलीतला एक पेशकार आला. तो पहिल्या तांब्यालाच झोपला होता हे सगळ्या तंबूनं ऐकलं होतं. सकाळी म्हणाला, "फारच छान. गाणी तर एकाहून एक, दहा-बारा तरी असतील." गाणी त्यात एकूण दोन, आणि दोन्ही दळण दळणाऱ्या म्हातारीची. आतोबांनी अदालतीत उलटतपासणी होते तशी त्याची केली आणि तो घामेघूम होऊन टोपी विसरून गेला. दोन चांगली स्थळं अशी गेली. दादा तडक नांदेडला आले, आतोबांशी एक अक्षर न बोलता मला घेऊन मोटारीनं लातूरला परतले. रस्ताभर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, जणू तो बोलपट मीच काढला होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात आतोबांना यथेच्छ शिव्या घालत होते. माझं लग्न होणार की नाही हे एका बोलपटावर ठरावं, याइतका अन्याय मी ऐकला नव्हता.

लातूरला महिना-दीड महिना बरा गेला. निलंग्याकडचं एक स्थळ दादांनीच आणलं. मुलगा लातूरच्या शाळेत शिकवायचा. वडील नव्हते, आई खमकी, गावाकडची शेती एकटीनं करणारी. सगळं जुळत आलं, आणि एका सकाळी गंजाबाहेर तंबूच्या मेखा ठोकल्याचा आवाज आला. तोच तंबू, तोच बोलपट. संध्याकाळी मोटारीतून आत्या आणि आतोबा उतरले. दादांचा चेहरा बघवत नव्हता. पण सख्ख्या बहिणीच्या यजमानांना दारातून परत कसं पाठवणार?

आतोबांनी मुलाला गाठलंच. बोलपट दाखवला आणि सकाळी ओसरीवर बसवून विचारलं. मी दाराआड उभी होते. मुलगा चटईची काडी उचकटत राहिला. आता हा 'बरा आहे' म्हणणार, अशी माझी खात्री झाली. मग तो हळूच म्हणाला, "तो जाताना मागं वळला नाही. मी असतो तर वळलो असतो का, तेच कळंना. रात्री हेच मनात घोळवत बसलो." आतोबांनी डोळे मिटून घेतले. मग दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाच." दादांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे धड बघितलं. आता उरली होती फक्त मुलाची आई. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पसंती सांगायला येणार होती, आणि लेकानं एवढं काय बघितलं ते बघावं म्हणून त्या संध्याकाळी आम्हा बायकांबरोबर तंबूत येणार होती.

तंबूची रचना अशी, की मधोमध पांढरं कापड ताणलेलं. यंत्र आणि पुरुष कापडाच्या एका अंगाला, बायका पलीकडच्या अंगाला. खेळ सुरू होण्याआधी कापडावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र आरपार दिसे. आम्हा बायकांना जे दिसे त्यात बोलपटातल्या बाया उजव्या खांद्यावर पदर घेत. त्यामुळे आम्ही समजून चाललो होतो की गोष्ट गुजरातेतली आहे. सुरुवातीची अक्षरं वाचता येत नसत, उजवीकडून डावीकडे जात. पण निजामाच्या राज्यात उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अक्षरांचं कोणाला नवल? उर्दू असेल, म्हणून आम्ही सोडून देत होतो. मी मराठी चार इयत्ता शिकलेली, पण उर्दू येत नाही याची लाज वाटून गप्प बसायची.

आतोबांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. रेणुकेची आण खोटी नाही आणि आपले डोळेही खोटे नाहीत, तेव्हा तंबूवाला बायकांना निराळाच बोलपट दाखवतो आहे, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. सरकारदरबारी तक्रार करण्याआधी स्वतः बघणं त्यांना भाग होतं. म्हणून दिवे मालवल्यावर ते आत्याची चादर डोक्यावरून घेऊन बायकांत येऊन बसले. बसले ते नेमके मुलाच्या आईशेजारी. ती माउली समजली, कोणी तरी थकलेली म्हातारी आहे. तिनं पदरातले भाजलेले शेंगदाणे काढून त्यांच्या ओंजळीत घातले आणि म्हणाली, "खा माय, लांबलचक हाय म्हनं." आतोबांनी मुकाट्यानं खाल्ले. शेवटचा प्रसंग आला. ती मुलगी दारात आली, तिनं शिदोरी पुढं केली, आणि अंधारात एक घोगरा पुरुषी आवाज उठला, "डावा! देवाशपथ डावा!" पाठोपाठ पडद्यावर शेवटची अक्षरं आली आणि आतोबा चादर फेकून उभे राहिले. "अगं, हे उर्दू नाही! चाळीस वर्षं उर्दू लिहितोय मी. हे आपलंच 'समाप्त' आहे, उलटं! तुम्ही मागून बघून राहिलात!"

त्यांचा शोध ऐकायला कोणीही तयार नव्हतं. बायकांनी तंबू डोक्यावर घेतला. कोणी मिशी धरली, कोणी चादर. मुलाच्या आईनं त्यांचं मनगट असं पकडलं की आठवडाभर वळ राहिला. दिवे लागले, आणि त्या उजेडात तिला कळलं की शेंगदाणे खाणारी म्हातारी म्हणजे आपल्या होणाऱ्या सुनेचे आतोबा आहेत. मला ब्रह्मांड आठवलं. त्या गोंधळातही आतोबा आत्याला शोधत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझंबी खरं होतं."

आत्या म्हणाली, "बी कशाला?"

घरी कोणी जेवलं नाही. आई देवासमोर बसून होती. दादा एवढंच म्हणाले, "संपलं," आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या मुलाचं 'तेच कळंना' मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. आतोबांना मी त्या दिवशी क्षमा केली नव्हती, आणि का करावी?

सकाळी मुलाची आई आली. लेकालाही बरोबर घेऊन आली. चहाला हात न लावता तिनं आतोबांना समोर बोलावलं. "पावनं, बायकांत येऊन बसलाव. काय बघायचं व्हतं?" आतोबांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, डावा, उजवा, आण, उलटी अक्षरं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बायको म्हन्ती ते खरं हाय का बघायला बायकांचा मार खाल्ला व्हय तुमी? आमच्या मालकानं माझं येक बी कवा खरं धरलं न्हाई." लेकाकडे एकदा बघून म्हणाली, "आन् हात कंचाबी असंना. उपाशी न्हाई लावून दिला तिनं त्याला. आमाला पोरगी पसंत हाय."

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई घाईघाईनं साखरेची वाटी घेऊन बाहेर आली. दादांनी वाटीत हात घातला, आणि आतोबांनी ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. "थांबा. हिला विचारलं नाही."

आता मात्र दादांचा तोल गेला. "हिला काय विचारायचं? कधी कोणी विचारलंय का?" खरंच कोणी विचारलं नव्हतं. देगलूरच्या वेळी नाही, पेशकाराच्या वेळी नाही, त्याआधीच्या लातूरच्या कुठल्याच स्थळाच्या वेळी नाही. आतोबांनीही नाही. पण मार खाल्लेला तो माणूस वाटी छातीशी धरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, तुला काय वाटलं?"

सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. आई खुणेनं 'हो म्हण, हो म्हण' करत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आतोबा म्हणाले, "सावकाश सांग. जबाब येईपर्यंत साखर वाटायची नाही." आणि ते खरोखरच थांबले. दादा येरझाऱ्या घालायला लागले, चहा गार झाला, मुलाच्या आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, आणि आतोबा त्या वाटीवर हात ठेवून उभेच होते. शेवटी मी म्हणाले, "आधी त्यांना विचारा, मी कशी वाटले. मग सांगते." मुलगा लाजून इतका लाल झाला की त्याचं उत्तर कोणाला ऐकावंच लागलं नाही. मग मीही सांगितलं. काय सांगितलं ते माझं मला ठाऊक आहे.

आतोबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी माझी दोन स्थळं मोडली, तिसरं मोडता मोडता राहिलं, आणि माझ्या तरुणपणातलं ते वर्ष धाकधुकीत घालवलं. तो राग माझा आजही गेलेला नाही. नवरा मला चांगला मिळाला, सासूनं जीव लावला, मुलं मार्गी लागली, सगळं नीट झालं. पण त्या सकाळी आतोबा जेवढा वेळ माझ्या उत्तरासाठी थांबले, तेवढा वेळ पुढं कधी कोणी थांबलं नाही.